फ्रेंच सायकल आणि ०.२ मिमी

जुनी फ्रेंच रेसिंग सायकल, समजा १९७० च्या दशकातली प्युजो पीएक्स-१०, परत चालती करायची म्हणजे आधी मापांशी झगडा. स्टेमचा दांडा २२ मिमी, इतरांचा २२.२. पेडलचे आटे १४ मिमी, इतरांचे ९/१६ इंच, म्हणजे जवळपास १४.३. बॉटम ब्रॅकेटला तर दोन्हीकडे उजवे आटे! त्यामुळे चेनकडचा कप पेडल मारता मारता सैल होऊ पाहतो. (मेट्रिकचा अभिमान ठीक आहे, पण हे जरा अतीच.)

पार्ट मिळेना की लोक सरळ फ्रेमलाच इंग्रजी आटे पाडून घेतात. मला हे अजिबात पटत नाही. इंग्रजी माप ३४.८ मिमी, फ्रेंच ३५. म्हणजे भोक आधीच मोठं, त्यावर जुन्या आट्यांचे चरे. नव्या आट्यांना पकड कुठून मिळणार? तडजोड करायचीच तर बदलता येणाऱ्या पार्टमध्ये करा. नवा स्टेम पॉलिश पेपरने घासून बसवा, खुशाल. आपणही जुन्या सिस्टिमसाठी अ‍ॅडाप्टर लिहितोच की, तिचा डेटाबेस फोडत नाही :)

आणि फ्रेमचे आटे खरंच गेले असतील, तर आट्यांशिवाय दोन्हीकडून आवळून बसणारं बॉटम ब्रॅकेट मिळतं. आधी ते शोधा.