माध्यमिक शाळांतील मुलांचें अन्न व शेतकऱ्यांचें कर्तव्य

मुलगा अंगानें भरला कीं प्रकृति उत्तम आणि किडकिडीत राहिला कीं खाण्याची आबाळ, असा हिशेब आपण सहज करतों. हा हिशेब अर्धाच खरा आहे. ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांत मुलांचें वजन वाढल्याची तक्रार ऐकूं येते, तर त्याच जिल्ह्यांतील मुरबाड व शहापूर या तालुक्यांत मुलें वाळलेलीं दिसतात म्हणून काळजी केली जाते. वरवर पाहतां हीं दोन निरनिराळीं दुखणीं वाटतात. परंतु दोहोंचें मूळ बहुधा ताटांतच सांपडतें. शहरांतील मुलाच्या खाण्यांत मैदा, तेल व साखर यांची गर्दी झाली आहे आणि गरीब घरच्या खेड्यांतील मुलाच्या ताटांत भातावांचून फारसें कांहीं पडत नाहीं. डाळ, पालेभाजी, फळ व भरड धान्य यांची उणीव मात्र दोघांसही सारखीच आहे.

केंद्र सरकारनें २०१६ ते २०१८ या काळांत मुलांच्या पोषणाचें देशव्यापी सर्वेक्षण केलें. त्यांत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकीं शेंकडा २४ वयाच्या मानानें कृश आढळलीं व शेंकडा ५ जादा वजनाचीं आढळलीं. याच वयांत रक्तक्षयाचें प्रमाण शेंकडा २८ निघालें. मुलग्यांत तें १८ होतें, तर मुलींत ४०. हा शेवटचा आंकडा वाचकांनीं विसरूं नये. रक्तांतील लोहाची तूट वजनाच्या कांट्यावर उमटत नाहीं. अंगानें भरलेली मुलगीही रक्तानें दरिद्री असूं शकते.

हें वय शरीराच्या बांधणीचें आहे. प्रौढपणींच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग व उंचीचा सुमारें पांचवा भाग मनुष्य याच वर्षांत मिळवितो. मुलींस पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरज वाढते. पिकास फुलोऱ्याच्या वेळीं पाणी तोडलें तर पुढें कितीही पाणी दिलें तरी दाणा भरत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. मुलांच्या बाबतींत मात्र आपण नेमकें हेंच करीत आहों.

शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजीं प्राथमिक वर्गांसाठीं सुरू झाली, २००८-०९ पासून ती देशभर आठवीपर्यंत वाढविण्यांत आली आणि २०२१ सालीं तिला प्रधानमंत्री पोषण शक्ति निर्माण योजना हें नांव मिळालें. सहावी ते आठवीच्या मुलास तींत रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी देण्याचें प्रमाण ठरलेलें आहे. परंतु नववींत पाऊल ठेवतांच मुलाचें नांव या यादींतून गळतें. पांचवी ते दहावीचे वर्ग एकाच इमारतींत भरणाऱ्या विद्यालयांत याचा अर्थ असा होतो, कीं आठवींतला भाऊ गरम खिचडी खातो आणि नववींतली बहीण तिच्या वासावर दुपार काढते. नववींत गेल्यानें भूक कमी होते, असें म्हणावयास कोणी धजणार नाहीं.

खर्च कोठून आणावा, हा आक्षेप प्रथम येईल. तो खोटा नाहीं. पण अशा विद्यालयांत चूल, भांडीं व स्वयंपाकी यांची सोय मुळांतच आहे, वाढवावयाचें तें दोन वर्गांपुरतें शिधासामान व थोडें मनुष्यबळ. तमिळनाडूंत मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनीं १९८२ सालीं पौष्टिक आहाराची योजना सुरू केली व पुढें ती दहावीपर्यंत नेण्यांत आली. जें तेथें साधलें तें महाराष्ट्रास साधूं नये, याचें कारण दिसत नाहीं.

आतां प्रश्न उरतो तो ताटांत काय पडावें हा, आणि येथें आपला संबंध येतो. आपल्या डोंगरउतारांवरील वरकस जमिनींत नाचणी व वरी हीं जुनीं पिकें आहेत. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल येतो. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तर तितक्याच तांदुळांत दहाच्या आसपास. वालांत शेंकडा वीसच्या सुमारास प्रथिनें असतात, तांदुळांत सात-आठ. असें असतां आपणांपैकीं पुष्कळजण भेंडी-काकडी पहाटे कल्याणच्या बाजारास पाठवितात आणि परततांना मुलांसाठीं तळलेल्या पदार्थांचीं पाकिटें आणतात. नाचणीस गिऱ्हाईक नाहीं म्हणून ती पेरीत नाहीं, असें शेतकरी म्हणतो व तें खरें आहे. शाळांच्या आहारांत आठवड्यांतून दोन दिवस नाचणी व वाल नेमून दिले आणि ते त्याच तालुक्यांतून घेतले, तर गिऱ्हाईक आपोआप उभें राहील.

शाळांनींही दोन गोष्टी कराव्यात. जादा चरबी, मीठ व साखर यांचे पदार्थ शाळेच्या आवारांत व फाटकापासून ५० मीटरांच्या आंत विकूं नयेत, असा नियम २०२० सालींच झाला आहे. तो पाळला जातो कीं नाहीं, हें मुख्याध्यापकांनीं पाहावें. दुसरें, मुलांचें वजन व उंची वर्षांतून दोनदां मोजावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ सालीं, पालघर ठाणें जिल्ह्यांत असतांना, तेथेंच झाला. त्या पथकांची मदत घ्यावी. मात्र आंकडे वर्गांत मोठ्यानें वाचूं नयेत, ते आईबापांस खासगी कळवावेत. ‘जाड्या’ किंवा ‘काडी’ म्हणून हिणविलेलें मूल बरें होत नाहीं, तें डबा लपवून खाऊं लागतें अथवा जेवणेंच टाकतें.

शेतकरी बंधूंस आमची सूचना एवढीच कीं, सरकारची वाट पाहत बसूं नये. नववी-दहावीस आहार मिळावा असा ठराव ग्रामसभेंत करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा आणि येत्या पावसाळ्यांत निदान घरच्या मुलांपुरती तरी नाचणी लावावी. जेवणाबरोबर चहा न देतां लिंबाची फोड द्यावी. पालेभाजींतील लोह त्यानें अंगीं लागतें. या गोष्टीस कोणाच्या मंजुरीची जरूर नाहीं.