आंतरवासितेतील दोन आठवडे

वैद्यकीय पदवीची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तरुण डॉक्टरला बारा महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ साली तिची नवी नियमावली आणली आणि मानसोपचार विभागातील दोन आठवडे सक्तीचे केले. त्यापूर्वी हा विषय ऐच्छिक विषयांच्या यादीत होता. ज्याला नको त्याने तो टाळावा, अशीच सोय होती म्हणा ना! मनोरुग्णाशी एकदाही नीट न बोलता सनद मिळवणारे डॉक्टर आपण वर्षानुवर्षे घडवत होतो. म्हणून या सक्तीचे स्वागत करावयास हवे. मात्र त्या चौदा दिवसांत प्रत्यक्षात काय घडते, हेही समाजाने विचारले पाहिजे.

प्रश्न केवढा मोठा आहे, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवून दिले. देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना होते. लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही आपल्याकडे नाही. महाराष्ट्रातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार शासकीय मनोरुग्णालयांनी हा भार उचलावा, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. तेव्हा जो काही उपचार व्हावयाचा, तो गल्लीतल्या दवाखान्यातील आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरच्या हातूनच होणार. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही सार्वजनिक रुग्णालयांतील आणि कारागृहांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसोपचारांचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

भोईवाडा-परळ-लालबागच्या श्रमिक वस्तीत हे सहज पटते. १९८२ च्या गिरणी संपाने येथील हजारो घरांचा आधार गेला आणि त्या पडझडीबरोबर आलेले व्यसन, वैफल्य चाळींनी जवळून पाहिले. येथला रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत नाही. छातीत धडधडते, डोके जड होते, झोप लागत नाही, अशी त्याची तक्रार असते. रोज मद्य घेणारा एखादा गृहस्थ पाय मोडून अस्थिरोग कक्षात दाखल होतो. दोन-तीन दिवसांनी त्याचे हात थरथरू लागतात, भिंतीवर किडे दिसू लागतात, तो नळ्या उपसून पळू पाहतो. कक्षात असतो रात्रपाळीचा आंतरवासी डॉक्टर. हा वेडाचा झटका नसून अचानक दारू तुटल्याचा परिणाम आहे, तो जिवावर बेतू शकतो आणि योग्य औषधे व थायमिन दिल्यास आवरता येतो, हे त्याला ठाऊक असेल तर एक माणूस वाचतो. ठाऊक नसेल तर रुग्णाला पलंगाला बांधले जाते.

विष घेतलेल्या मुलीचेही तेच. पोट धुतले जाते, पोलिसी कागद भरले जातात; पण ‘आता मनात काय आहे?’ हे तिला कोणी विचारायचे? आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार बळावतो, हा गैरसमज डॉक्टरांतही आहे. वस्तुतः सरळ विचारल्याने माणूस मोकळा होतो. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, एवढे समजावून न सांगितल्यामुळे कितीतरी रुग्ण आठव्या दिवशीच औषध टाकतात. या गोष्टी पुस्तकात असतात, पण अंगवळणी पडतात त्या अनुभवी डॉक्टरशेजारी बसून.

आणि नेमके तेच राहून जाते. आंतरवासितेचे वर्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात जाते, हे सर्वश्रुत आहे. मानसोपचार विभागातील पंधरवडा म्हणजे वाचनालयात बसण्याची सवड, असा समज रूढ आहे. वहीवर स्वाक्षरी मिळते आणि नियम पाळला जातो. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे. पदवी परीक्षेत या विषयाला स्वतंत्र स्थान नाही, त्याचे प्रश्न सामान्य वैद्यकशास्त्राच्या (मेडिसिनच्या) उत्तरपत्रिकेत सामावले जातात. ज्याला परीक्षेत मोल नाही त्याला मनात स्थान कोठून मिळणार?

परळला तर या विषयाची स्वतःची परंपरा आहे. शिक्षक हिंदी असावेत, सरकारी नोकर नसावेत, या अटीवरच्या देणगीतून शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय १९२६ मध्ये उभे राहिले. तेथेच डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलींच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती विकसित केली. तिचे निष्कर्ष १९७३ मध्ये अमेरिकन नियतकालिकातही प्रसिद्ध झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. दिलीप जेस्ते २०१२ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. येथे आपल्याच मंडळींना एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉ. वाहियांनी ही पद्धती चिंताविकार आणि मनोकायिक तक्रारींच्या रुग्णांवर, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, पारखून घेतली होती. त्यांचे नाव घेऊन कोणी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या गोळ्या बंद करवून त्याला केवळ प्राणायामावर ठेवत असेल, तर तो योगाचा गौरव नव्हे.

विभागप्रमुखांनी थोडे मनावर घेतले तर दोन आठवडे पुष्कळ आहेत. प्रत्येक आंतरवासी डॉक्टरने किमान एका रुग्णाची हकीकत कुटुंबीयांसह पूर्ण ऐकून वरिष्ठांसमोर मांडावी. अपघात विभागात आलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नाच्या रुग्णांशी बोलण्याची पाळी त्याला लावावी. एक दिवस समाजसेवा अधीक्षकांबरोबर वस्तीत जाऊन, औषध सोडलेल्या रुग्णाच्या घरी बसावे. वहीवर स्वाक्षरी या कामांची व्हावी, हजेरीची नव्हे. महापालिका आणि शासकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या या मुलामुलींना पुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा करायची असते. तेथे एखाद्या तालुक्याच्या गावी, मध्यरात्री समोर आलेल्या रुग्णाला पाठवायला शेजारी मानसोपचार विभाग नसतो.