मोटर गेली, साहेब!

जुलैतलं पुणं. तीन दिवस ऊन नाही, घरभर दोऱ्या बांधलेल्या, आणि नेमका तेव्हाच आमच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर बसला. टायमर फिरवला की नुसतं "हूंऽऽऽ". टब जागचा हलत नाही. धुण्याची बाजू मात्र ठणठणीत. साताऱ्याहून आलेली आई दुखऱ्या मनगटाने चादरी पिळायला लागली, तेव्हा लाज वाटून मेकॅनिकला फोन केला.

तो आला, टायमर फिरवला, दोन सेकंद ऐकलं. "मोटर गेली, साहेब. १८०० होतील." व्हिजिटचे २५० वेगळे. मागचं कव्हरसुद्धा उघडलं नाही पठ्ठ्याने! मी आपला मान डोलावतोय. तो गेल्यावर आई म्हणाली, "न बघताच कसं रे कळलं त्याला? आणि तू इंजिनिअर ना?"

लागलं हो ते. डिग्री इलेक्ट्रिकलची, नोकरी जावाची, त्यामुळे मोटर शेवटची बघितली ती व्हायव्हात.

मग रविवारी बसलो. आवाजच निम्मं सांगत होता. झाकणाचा स्विच किंवा टायमर गेला असता तर मशीन मुकं राहिलं असतं. "हूं" येतंय म्हणजे मोटरपर्यंत करंट पोचतोय. म्हणजे एक तर काहीतरी अडकलंय, नाहीतर मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाहीये. सिंगल फेज मोटरचं दुखणंच ते: एकट्या वाइंडिंगवर ती थरथरते, पण स्वतःहून फिरायला लागत नाही. दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढे सरकवून देतो तो कपॅसिटर. (मेकॅनिक लोक त्याला कंडेन्सर म्हणतात.)

प्लग काढला, मागचं कव्हर उघडलं. झाकण बंद ठेवून, म्हणजे ब्रेक सुटलेला असताना, खालचा ड्रम हाताने फिरवला. मस्त फिरला. म्हणजे ब्रेक जाम नाही, टबखाली मोजाही अडकलेला नाही (आमच्याकडे एकदा अडकला होता). दोन्ही वाइंडिंग मल्टिमीटरवर ठीक. उरला कपॅसिटर. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, म्हणून आधी डिस्चार्ज केला. उघड्या टोकांना हात लावायचा शहाणपणा करू नका. स्पिनच्या बाजूला ५ मायक्रोफॅरड छापलेलं, मीटर दाखवतोय १.२. बाहेरून अगदी नवाकोरा दिसत होता लेकाचा! तपकीर गल्लीतून तसाच नवीन आणला, १४० रुपये. संध्याकाळी चादरी पिळून निघाल्या.

आता मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे. मीही दिवसभर घातल्या. पण शोधायला लागलेल्या तासाचे पैसे त्याला आपण देतो का? व्हिजिटचे २५० देतानाच आपला चेहरा पडतो. त्याची कमाई पार्ट बदलण्यात, मग तो पार्टच बदलणार. आणि आपण तरी काय वेगळं करतो? प्रॉडक्शनला सर्व्हर लटकला की रीस्टार्ट मारून तिकीट बंद. लॉग कोण वाचतंय? बिल तर टिकिटांचं होतं!

पुढच्या वेळी मी तरी त्याला आधीच सांगणार आहे: दादा, तपासायचे ३०० वेगळे घ्या, मोटर विकली नाही तरी देईन. फक्त आधी मागचं कव्हर उघडा.