'इतर'चा चौकोन

सर्वेक्षणाच्या अर्जात स्त्री-पुरुषांखाली 'इतर' असा चौकोन छापला की पारलिंगी आणि नॉन-बायनरी तरुणांची सोय झाली, असे अनेक संशोधकांना वाटते. २०११च्या जनगणनेत ४,८७,८०३ जण 'इतर' म्हणून नोंदले गेले, पण बहुतेक तक्त्यांत त्यांची भर पुरुषांतच घातली गेली. मग त्यांतल्या मुलांची शाळेतली गळती, त्यांचे आजार कळणार कसे? 'संख्या थोडी, निष्कर्ष निघत नाही' ही सबब मला मान्य नाही. दुर्मीळ आजारांचा अभ्यासही मूठभर रुग्णांवरच होतो. खरा पेच संमतीचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतात, आणि एरवी ते योग्यच; पण ज्या पोराने घरी अजून काही सांगितलेलेच नाही, त्याला सहीचा तो कागद घराबाहेर काढू शकतो. परिणामी अभ्यासात येतात ती समजूतदार घरांतली मुले, आणि चित्र आहे त्याहून बरे दिसते. म्हणून निनावी, कमी जोखमीच्या प्रश्नावलीपुरती नैतिकता समित्यांनी ही अट शिथिल करावी, हाताशी समुपदेशक ठेवावा आणि प्रश्न काय असावेत हे आधी या मुलांनाच विचारावे.