'चिल मार' म्हणण्याआधी…

ट्रेन चुकली? चिल मार. केटी लागली? चिल मार. विकेंडचा प्लॅन काय? काही नाही, घरीच चिल करतोय. नवे सर कसे आहेत? एकदम चिल! बघा ना, एवढासा शब्द. पण सल्ला तोच, बेत तोच आणि माणसाला दिलेलं सर्टिफिकेटही तेच.

मुळात इंग्रजीत हा शब्द थंडीचा. भीतीने अंगावर येणारा काटाही 'चिल'च. त्याला 'शांत हो, निवांत बस' हा अर्थ रुळला तो गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलीतून आणि हिप-हॉपमधून. मग कुठल्याच केमिस्टकडे न मिळणारी 'चिल पिल' आली. २०१५च्या सुमारास 'नेटफ्लिक्स अँड चिल' गाजलं. त्याचा अर्थ मात्र आजीसमोर विचारू नका! आपण त्याला 'मार' जोडून अस्सल देशी केलं. गप्पा मारतो, चक्कर मारतो, डुलकी मारतो, तसंच चिलही मारतो.

खरं तर ही कल्पना आपल्याला नवी नाही. 'डोकं थंड ठेव' असं आपले आई-बाबा सांगतातच की. पण थंडपणाची दुसरी बाजूही मराठीला ठाऊक आहे. थंड डोकं चांगलं, थंड प्रतिसाद मात्र जिव्हारी लागतो. 'चिल'चंही अगदी तसंच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राने म्हटलेलं 'चिल, होईल सगळं' धीर देतं. पण एखादी मैत्रीण सांगत असते, 'महिनाभर झोप लागत नाहीये', आणि आपण पटकन म्हणतो, 'चिल मार गं!' विषय तिथेच संपतो. आपल्यासाठी. तिच्यासाठी नाही. त्याहून वाईट म्हणजे ग्रुपवर एखाद्याच्या रंगावरून, जातीवरून, वजनावरून बोलायचं आणि तो चिडला की वर त्यालाच सांगायचं, 'अरे, जोक होता, चिल!' म्हणजे दुखावणारे आपण आणि शांत व्हायचं त्याने!

कायद्याच्या भाषेत 'चिलिंग इफेक्ट' असा एक शब्दप्रयोग आहे. शिक्षेच्या धाकाने लोक बोलायचंच बंद करतात, तो परिणाम. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरची एक पोस्ट आणि तिला दिलेलं लाइक यावरून अटक झाली होती, तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ देशभर गाजलं. २४ मार्च २०१५ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, तेव्हा निकालात या 'चिलिंग इफेक्ट'चाही विचार झाला होता.

आपल्या कट्ट्यावर ना पोलीस असतात, ना कलमं. तरी दोन-तीनदा 'चिल' ऐकलेला मित्र चौथ्यांदा तोंड उघडत नाही. आपल्याला वाटतं, चला, सावरला एकदाचा!

तेव्हा रविवारी मस्त चिल मारा. पावसात, चहासोबत, काहीही न करता. पण समोरचा काही सांगत असेल तर 'चिल' ओठांवर आलं तरी जरा थांबा. आधी विचारा, 'काय झालं?' आणि उत्तर पूर्ण ऐका.