स्वाराची आखूड बंदूक

जुन्या लष्करी शस्त्रांचा संग्रह म्हटला की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. धनिकांचा शौक, नाहीतर हिंसेची हौस, अशी त्याची संभावना होते. घोडदळाच्या आखूड बंदुकीचा, म्हणजे कार्बाईनचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, तो असे म्हणणार नाही.

लांब बंदूक घोड्यावर आवरत नाही, म्हणून कार्बाईन निर्माण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीची ब्रिटिश ‘पॅजेट’ कार्बाईन पाहावी. नळी अवघी १६ इंच. बार ठासण्याचा गज नळीच्या तोंडाशी जखडलेला. दौडत्या घोड्यावरून तो निसटला तर बंदूक निरुपयोगीच! बाजूच्या दांडीवर कडी. ती स्वाराच्या पट्ट्याला अडकवायची.

२४ एप्रिल १८५७ रोजी मीरतमध्ये कंपनी सरकारच्या तिसऱ्या हलक्या घोडदळातील ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली. ती काडतुसे बहुचर्चित एनफिल्ड रायफलची नव्हती, कार्बाईनची होती. ९ मे रोजी त्या स्वारांना सर्वांदेखत बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले. त्या स्वारांच्या हाती असे, तशी बंदूक आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

अमेरिकेतील संग्राहक १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धातील शार्प्स, स्पेन्सर कार्बाईन जपतात आणि अनुक्रमांकावरून ती कोणत्या पलटणीची, हे दप्तरांत धुंडाळतात. आपल्याकडे माळ्यावरचे जुने शस्त्र भंगारात जाते किंवा घासूनपुसून चकचकीत केले जाते. त्या घासण्यात कंपनीचा सिंहाचा छाप, दस्त्यावरचे क्रमांक पुसले जातात. मग हाती उरते ते केवळ लोखंड!

कायद्याची भीती अनाठायी आहे, बेपर्वाई मात्र घातक. दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमाने सूट दिली आहे. परंतु शस्त्र त्यात बसते की नाही, हे आपणच ठरवू नये. परवाना अधिकाऱ्यांना विचारावे. शंभर वर्षांवरील पुरावस्तू खासगी व्यक्तीने परदेशी धाडण्यास १९७२च्या कायद्याने मनाई आहे.

तेव्हा घरात असे शस्त्र असेल तर ते रीतसर नोंदवावे, खुणांची छायाचित्रे घ्यावीत, वडीलधाऱ्यांकडून त्याची हकिगत लिहून घ्यावी. सांभाळणे अशक्य झाल्यास त्या हकिगतीसह संग्रहालयाच्या स्वाधीन करावे. वस्तू कदाचित टिकेल. तिची कहाणी मात्र सांगणाऱ्याबरोबरच जाते.