विश्लेषण : पाळी थांबल्यावर ताटात काय बदलायला हवे?

पाळी कायमची थांबली की ‘सुटले एकदाची’ असे म्हणण्याची पद्धत आहे. भारतात रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६-४७ वर्षे, तर युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास आहे. म्हणजे येथील महिलांचा इस्ट्रोजेनचा आधार चार-पाच वर्षे आधीच सुटतो. आहाराचा प्रश्न तेव्हापासून गंभीर होतो.

हाडांवर परिणाम का होतो?

हाडे सतत झिजतात आणि भरूनही निघतात. ही झीज आवरून धरण्याचे काम इस्ट्रोजेन करते. ते घटले की भरण्यापेक्षा झीज जास्त होते. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत अस्थिघनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. यात दुखत-खुपत काहीच नाही. घसरून मनगट किंवा खुबा मोडला, की मग उलगडा होतो. याच काळात वाईट कोलेस्टेरॉल वाढते, स्नायू कमी होतात आणि खाणे तेवढेच असूनही पोटाचा घेर वाढतो.

कॅल्शियम किती आणि कशातून?

‘आयसीएमआर’च्या २०२०च्या शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पेलाभर (२०० मिली) दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते. दोन पेले दूध किंवा तेवढे दही, नाचणीच्या दोन भाकरी आणि चमचाभर न सोललेल्या तिळांची चटणी एवढ्यात हजाराच्या जवळ जाता येते. उरलेले पालेभाज्या, डाळी, काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांतून भरते. नाचणी भिजवून, मोड आणून किंवा आंबील करून घेतली तर कॅल्शियम अधिक अंगी लागते. ‘दूध घेते की चहातून’ हा हिशेब मात्र फसवा आहे. चार कप चहात मिळून जेमतेम पेलाभर दूध असते. ‘ड’ जीवनसत्त्व आहारातून पुरेसे मिळत नाही. त्यासाठी ऊन, आणि तपासणीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी कॅल्शियमच्या गोळ्याही परस्पर सुरू करू नयेत.

प्रथिनांचे काय?

५५ किलो वजनाच्या महिलेला रोज किमान ४५ ग्रॅम प्रथिने हवीत. भाकरी, भाजी आणि पातळ वरणात ती भरत नाहीत. त्यात सर्वांच्या शेवटी जेवणारीच्या वाट्याला उसळीचा रस्साच उरतो. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच, खिचडीतले दाण्याचे कूट काय ती भर घालते. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन्समुळे अंगातून वाफा येण्याचा त्रास कमी होतो का, यावर संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. प्रथिनांसाठी मात्र ते उत्तमच. मराठवाडा-विदर्भात ते शिवारभर पिकते. शेतकऱ्याच्या घरात शिजते क्वचितच.

बीडचा संबंध काय?

बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या २०१९च्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते. खाडा झाला की मजुरी कापली जाते, हे त्यामागचे एक कारण. गर्भाशयासोबत बीजाशयेही काढली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ती ठेवली तरी काही वर्षे लवकर येऊ शकते. म्हणजे पस्तिशीतल्या बाईची हाडे पन्नाशीतल्या बाईसारखी झिजू लागतात. डोक्यावर उसाची मोळी असते आणि जेवणात पहाटे थापलेल्या भाकरीसोबत चटणी.

योजना कुठे कमी पडतात?

अंगणवाडीचा पूरक आहार गरोदर व स्तनदा माता, बालके आणि काही ठिकाणी किशोरींसाठी आहे. गर्भाशय काढलेली किंवा पाळी थांबलेली बाई यात कुठेच बसत नाही. अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर धान्याची हमी दिली, डाळीची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातील ५४ टक्के महिला रक्तक्षयग्रस्त आढळल्या, पण ही मोजणी १५ ते ४९ वयोगटाची. पन्नाशीपुढील किती जणींना रक्तक्षय आहे, हे त्या पाहणीत मोजलेच जात नाही.